वासूला मारलेली खोटी हाक

वाढपी सोलकढीचे भांडे घेऊन माझ्या पानापाशी आला आणि त्याच वेळी फोन वाजला. कुडाळला आमच्या साहेबांच्या मुलीचा साखरपुडा होता, दुसरी पंगत नुकतीच बसली होती. फोनवर सुमतीवहिनी होत्या, माझा बालमित्र वासुदेव याच्या पत्नी. "भावजी, हे पडले... तात्यांच्या घरावरसून पडले. डॉक्टर म्हणतत, गेले." मी "बरं" म्हणालो. असा शब्द त्या क्षणी माझ्या तोंडून का निघाला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. वाढप्याने वाटी भरली, ती मी प्यालो. भाताचे दोन घासही खाल्ले. शेजारच्या सहकाऱ्याने कोणाचा फोन म्हणून विचारले, तेव्हा "गावचा" एवढेच सांगितले. हात धुवायला उठलो आणि नळाखाली हात धरून उभा राहिलो. मागच्या माणसाने खांद्याला स्पर्श केला तेव्हा कळले की मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होतो... साडेनऊला तर तो बोलत होता, साडेनऊला तर तो बोलत होता.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लिहिणारा स्वतःला नकळत बरा दाखवत जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून जे शेवटी सांगण्याचा मोह होईल ते आधीच सांगून टाकतो. त्या सकाळी वासू आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या तात्यांच्या कौलांवर चढून टीव्हीची अँटेना फिरवत होता आणि मी खाली खिडकीपाशी उभा राहून चित्र दिसते की नाही ते त्याला ओरडून सांगत होतो. मला कुडाळची एसटी पकडायची होती. पडदा काळा असताना मी "इला!", म्हणजे चित्र आले, अशी हाक दिली. त्याने बोल्ट आवळला, तो खाली उतरला, आणि मी निघून गेलो. दुपारी तो पुन्हा वर चढला तेव्हा खाली कोणीच नव्हते.

ही हाक देण्याचे काम मी वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षापासून करत आलो होतो. मालवणपासून फार लांब नसलेल्या आमच्या खाडीकाठच्या वाडीत टीव्ही येऊ लागले, तेव्हा वासू मालवणात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकत होता. माझ्याहून तो दोन वर्षांनी मोठा. ज्याच्या घरी टीव्ही येई त्याच्या घरावर बांबू उभा करून अँटेना बांधायला वासू चढे, आणि आत काय दिसते ते सांगायला मी. या कामाची आमची एक भाषाच तयार झाली होती. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके वळवळत असतील तर "मुंगयो". चित्राच्या शेजारी त्याचीच सावली उभी राहिली तर "भूत". चित्र स्वच्छ आले की "इला". एकदा मी खिडकीतून ओरडलो, "बाई दिसता रे, पण दोन दोन!" वरून लगेच उत्तर आले, "दोनांतली बरी खंयची ता सांग मेल्या, तिकडेच फिरवतंय!" त्या घरची सगळी माणसे, अगदी चुलीपुढची सासू-सून सुद्धा, हसत अंगणात आली होती.

मात्र थट्टा तेवढ्यापुरतीच. भर उन्हात एकदा कंटाळून मी "चालात", म्हणजे चालेल, असे म्हणालो. वासू खाली उतरला, आत जाऊन त्याने पडदा पाहिला. चित्रात भूत होतेच. "चालात म्हणजे काय रे?" त्याने विचारले. "घरात बसणारो चालवन घेतलो. पण माका वर काय कळतला? तुझो आवाज हेच माझे डोळे." आणि तो पुन्हा वर चढला. त्यानंतर मी त्याला कधी "चालात" म्हटले नाही, आणि त्यानेही माझ्या हाकेची कधी खातरजमा केली नाही. मी "इला" म्हटले की तो पान्याने बोल्ट आवळी. इतका विश्वास माझ्यावर पुढे कोणी टाकला असेल असे मला आठवत नाही. कार्यालयात माझ्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागते.

मग केबल आली, घराघरांवर डिश बसल्या. अँटेनाचे बांबू तोंडलीच्या मांडवाला आणि गवताच्या गंजीला लागले. मी नोकरीनिमित्त कुडाळला राहू लागलो. वासूने वाडीतच दुकान थाटले. तो मिक्सर, पंखे, पंप दुरुस्त करी. आमच्या भेटी सणासुदीवर आल्या आणि मला त्याची खंत वाटेनाशी झाली, हेही लिहायला हवे. जवळचे जुने प्रक्षेपण केंद्र बंद झाल्याचे त्याने मला फोनवर सांगितले, ते एखादा नातेवाईक गेल्याचे सांगावे तसे. मी म्हणालो, "आता कोण बघता रे ता?" त्याने फोन ठेवून दिला. त्याच्या तसे फोन ठेवण्याचा अर्थ लावण्याची तसदी मी तेव्हा घेतली नाही.

एके दिवशी मात्र ऐन कचेरीच्या वेळेत त्याचा फोन आला. "साहेबा, इलो! सिग्नल इलो!" मी नोकरीला लागल्यापासून तो मला थट्टेने साहेब म्हणे. दक्षिणेकडच्या प्रादेशिक प्रक्षेपकावरून डिजिटल प्रसारण सुरू झाले होते. वासूने ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून नवी अँटेना बनवली, कुठून तरी एक बॉक्स मिळवला, आणि खाडीच्या मोकळ्या तोंडातून, पाण्यावरून येणारे ते संकेत आपल्या घरी पकडले. डिश नाही, केबल नाही, आणि चित्र असे की निवेदिकेच्या कानातल्या कुडीचे मोती मोजून घ्यावेत. रविवारी त्याने मला मुद्दाम बोलावून ते दाखवले. मी सहज विचारले, "मुंगयो खंय गेल्यो?" तो म्हणाला, "ह्यात मुंगयो नाय, भूत नाय. एक तर आसा, नाय तर नाय. मधला काय नाय." बॉक्सच्या पडद्यावर एक पट्टी दिसते, संकेत वाढला की ती वाढते. तिच्याकडे बोट करून त्याने मला बजावले, "हो पट्टो वर इलो म्हणान चित्र इला असा समजा नको. पट्टो फसयता." मी मान डोलावली. म्हणजे जे मी केले ते अज्ञानाने केले, असे म्हणण्याची सोयही त्याने माझ्यासाठी ठेवलेली नाही.

तात्या आमच्या वाडीतले एके काळचे तरीवाले. पूल होण्यापूर्वी साऱ्या गावाला त्यांनीच होडीने खाडीपार नेले. आता ऐंशी उलटली, गुडघे गेले, घरात एकटे असतात. त्यांच्या घरावर हापूसचे जुने कलम अशा तऱ्हेने पसरले आहे की डिशला आकाशच दिसत नाही. डिश बसवणारे एक फांदी तोडा म्हणून सांगून दोनदा परत गेले. "फांदी तोडूची तर माझो हात तोडा," हे तात्यांचे उत्तर. म्हणून वासूने त्यांना नवी अँटेना लावून देण्याचा शब्द दिला, आणि मी दोन दिवसांच्या रजेवर वाडीत आलो आहे हे कळताच मला बोलावले. "सकाळी तासभर ये. हाकेक माणूस होयो. तात्याक इचारलंय तर तो बातम्याच सांगत बसतलो."

तास उलटून गेला तरी चित्र येईना. तात्या चहा ठेवायला मागच्या पडवीत गेले होते. मी घड्याळ पाहत होतो. साखरपुड्याला मी पोहोचलो नसतो तर कोणाच्या लक्षातही आले नसते, हे आज मला स्पष्ट दिसते. तेव्हा मात्र साहेबांनी मला तिथे पाहावे ही एकच गोष्ट डोक्यात होती. पट्टी पाऊण भरली. पडद्यावर "सिग्नल नाही" ही अक्षरे तशीच होती. वरून वासूने विचारले, "काय रे?" आणि मी म्हणालो, "इला!" येईलच की आता, अशी मी मनाची समजूत घातली. तो शिडीवरून उतरला, हात पुसत आत आला, त्याने पडद्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. इतक्यात तात्या कपबश्या घेऊन आले. "खंय हा चित्र? ह्यो तर इला म्हणान बोंबललो!" वासू शांतपणे म्हणाला, "येतला तात्या. डिजिटलाक वेळ लागता." मग मला म्हणाला, "तू जा रे, तुझी गाडी चुकात." मी चहा न घेताच निघालो. हे त्याचे माझ्याशी शेवटचे बोलणे. त्यात रागाचा मागमूसही नव्हता, आणि गाडीत बसेपर्यंत मला हायसेच वाटत होते.

तो ज्या घरावरून पडला ते तात्यांचे घर, हे वहिनींनी फोनवर सांगितले होते. पण ते माझ्या कानांतून आत पोहोचायला कुडाळ ते मालवण एवढा रस्ता लागला. वाटेतल्या कट्टा गावाच्या तिठ्यावर गाडी थांबली आणि मला एकदम समजले, तो पुन्हा चढला होता. मी सीटच्या दांडीला धरून उभा राहिलो. वाहकाने विचारले, "उतरूचा आसा काय?" पुढचे सगळे तुकड्यातुकड्यांनी आठवते... अंगणात फुटलेले एक कौल, कुणीतरी उंबरठ्याशी नीट जुळवून ठेवलेल्या वासूच्या चपला, त्याच्या सदऱ्याच्या खिशातून डॉक्टरांनी काढून दिलेला पाना. मी खांदा दिला. माझ्या पुढे खांदा देणारा म्हणत होता, एवढा जाणता माणूस, दुपारच्या वेळी एकटा कशाला चढला असेल? मला ठाऊक होते आणि मी चालत राहिलो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी सुमतीवहिनींकडे गेलो. त्या दुकानात जमिनीवर बसून लोकांचे दुरुस्तीला आलेले पंखे ज्याचे त्याला देण्यासाठी वेगळे करत होत्या. मी सगळे सांगितले. सांगताना माझी भाषा कचेरीतल्यासारखी झाली, हे मला जाणवत होते. पण मालवणीत ते माझ्याने सांगवेना. ऐकून त्या म्हणाल्या, "माका ठाऊक आसा, भावजी." दुपारी जेवायला आला तेव्हा वासूने त्यांना सांगितले होते, आणि सांगताना तो हसत होता. "म्हणाले, आज आमच्या साहेबान पयल्यांदा खोटी हाक मारल्यान गो. तेका कुडाळाक जावचा होता, सांगूक लाजलो." मग हात धुऊन तो उठला. वहिनी म्हणाल्या, जरा पडा, उन्हे उतरली की जा. तेव्हा तो म्हणाला, "नको. तात्या गावभर सांगत सुटतलो, अमको खोटा बोललो म्हणान. चित्र येवंदे, म्हणजे तेची हाक खरी होतली."

मी भिंतीला टेकलो. मला वाटले होते की तो माझी चूक निस्तरायला चढला. तो माझा शब्द खरा करायला चढला होता. वहिनींनी मला क्षमा केली असे मी लिहिणार नाही, कारण त्या तसे काही म्हणाल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "हसत होते, ह्याच माका सोसना नाय." आणि थोड्या वेळाने, "तात्याक जावन सांगा."

तात्यांना सांगायला मी पुढच्या रविवारी गेलो. त्यांनी टीव्हीवर पंचा टाकला होता. माझे बोलणे संपेपर्यंत ते खाली पाहत सुपारी कातरत राहिले. "माका त्याच वेळी कळला," ते म्हणाले. "पन्नास वर्सां तरीची होडी मारली मी. पलीकडसून हाक देणारो खराच उभो आसा काय चेष्टा करता, ता माका आवाजावरसून कळता." मग त्यांनी पंचा उचलून बाजूला ठेवला आणि विचारले, "आता चित्र कोण लावतलो?"

कौलांवर मी चढलो नाही. ते धाडस माझ्यात नाही, आणि वहिनींनीही तशी शपथ घातली होती. अंगणात, कलमाच्या सावलीबाहेर, मी लोखंडी पाइप पुरला आणि त्याला वासूचीच अँटेना बांधली. ती जमिनीवरूनच फिरवता येते. उंची कमी पडते आहे बहुधा. दर रविवारी कुडाळहून येतो, पाइप बोटभर फिरवतो आणि थांबतो. पहिल्याच दिवशी तात्या आतून ओरडले होते, "घाई करू नको. वासू दर खेपेक धा आकडे मोजी. तूय मोज." मी मोजतो. मोठ्याने मोजतो, कारण मनात मोजले की मी लवकर दहावर येतो, हे माझ्या ध्यानात आले आहे. दहा झाले की विचारतो. आतून आवाज येतो, "नाय." पुन्हा बोटभर. पुन्हा दहा. "नाय."

गेल्या रविवारी दुपारचे बारा वाजून गेले. उन्हाने पाइप तापला होता. मग तात्या काठी टेकत दारात आले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दमलंस रे. सांगू काय इला म्हणान? घराक जाशीत."

"नको, तात्या," मी म्हणालो. "आत जावन बसा."

ते आत जाऊन बसले. खुर्ची करकरल्याचे मला ऐकू आले. मी पाइप बोटभर फिरवला आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.