लाल ठिपक्याचं ताट

केवळाबाई एकाच दिवशी, एकाच टेबलावर, पूर्ण बरी झालेली पेशंट आणि नवीन सापडलेली पेशंट अशी दोन्ही झाली. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या आहेत, म्हणून हे मीच सांगायला हवं. मी अर्धापूरच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात रक्त तपासतो.

केवळाबाई साठीच्या पुढची. घरची केळीची बाग, मुलगा नोकरीला लातूरला, घरात सून बबिता आणि चार वर्षांची नात ऋतुजा. दवाखान्यात रांगेत उभी राहिली तरी ती पुढच्याला काय दुखतंय विचारणार आणि डॉक्टरांच्या आधी औषध सांगून मोकळी होणार. दीड वर्षापूर्वी शिबिरात तिला हिपॅटायटिस सी निघाला. कुठून आला देव जाणे. पूर्वी एकाच सुईनं अख्ख्या गल्लीला टोचणारे होतेच की आमच्याकडे. औषध सरकारी, फुकट. रोज एक गोळी, चौऱ्याऐंशी दिवस. बाईनं एकही चुकवली नाही. पुढं तीन महिन्यांनी नांदेडहून मोठ्या तपासणीचा कागद आला, की रक्तात आता विषाणू नाही.

घरी मात्र त्या कागदाला कुणी विचारलं नाही. बबितानं पहिल्याच आठवड्यात सासूच्या ताटाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. ताट वेगळं, तांब्या वेगळा, चुलीपाशी यायचं नाही, ऋतुजाला घास भरवायचा नाही.

"कागदाचं काय घेऊन बसलात," बबिता मला म्हणाली. "पुढच्या शिबिरात रक्ताची पट्टी लावा. मंग बघू."

केवळाबाई मला म्हणाली, "बापू, मला दुसरं कायबी नको. पोरीला माज्या हातानं एक घास भरवू द्या, बास."

अठ्ठावीस जुलैला हिपॅटायटिस दिनाचं शिबिर ठरलं. तालुक्याचे डॉक्टर राजशेखर साहेब येणार होते. बऱ्या झालेल्या पहिल्या रुग्णाचा सत्कार करायचा आणि हजर असलेल्या प्रत्येकाची तपासणी करायची, असा हुकूम होता. मी साहेबांना म्हणालो, केवळाबाईची पट्टी लावण्यात अर्थ नाही. पट्टी विषाणू बघत नाही, तो कधीकाळी येऊन गेल्याची खूण बघते, आणि ती खूण बरं झाल्यावरही राहते.

"त्या हजर आहेत ना?"

"आहेत."

"मग लावा. वरून 'प्रत्येक' असं लिहून आलंय."

लावली. दोन रेघा उमटल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. साहेब खूश झाले. "वा! बऱ्या झालेल्यांत एक, नव्यांत एक. दोन्ही रकाने भरले!"

बबिता माझ्या मागेच उभी होती. "बघा, म्या म्हनलं न्हवतं?" तिनं ऋतुजाला ओढून जवळ घेतलं. मी पट्टीचं समजावून सांगू लागलो, पण ती ऐकायच्या पलीकडं गेली होती. केवळाबाईनं बोटावरचा रक्ताचा ठिपका पदरानं पुसला. मला त्या पट्टीचा, साहेबांचा आणि स्वतःचा भयंकर राग आला.

कार्यक्रम सुरू झाला. रुग्णाची ओळख गुप्त ठेवायचा नियम आहे, तो साहेबांनी कडक पाळला. माइकवरून म्हणाले, "नाव सांगता येणार नाही. पहिल्या रांगेतल्या हिरव्या लुगड्यातल्या मावशींनी मंचावर यावं." अख्ख्या गावानं ओळखीच्या टाळ्या वाजवल्या. शाल झाली, नारळ झाला. दोन शब्द बोला म्हणाले.

केवळाबाईनं पिशवीतून लाल ठिपक्याचं ताट काढलं, त्यात डब्यातली भगर वाढली. पहाटे शेतातल्या आखाड्यावर, खोपीपाशी, तीन दगडांची चूल मांडून तिनं ती शिजवली होती.

"साहेब, मागच्या कापडावर काय लिवलंय, वाचा."

साहेबांनी वाचलं. "सोबत जेवल्यानं हिपॅटायटिस सी पसरत नाही." टाळ्या.

"मंग घ्या एक घास."

"आज श्रावणी सोमवार हो मावशी. उपवास आहे."

"भगरच हाय साहेब. उपासाचीच."

"मला ती चालत नाही. डॉक्टरांनी बंद केलीय."

"डॉक्टर तर तुमीच हाव ना?"

साहेबांनी उजवीकडं पाहिलं. औषधं वाटणारे मन्मथअप्पा मोबाइलमध्ये बुडाले. डावीकडं सरपंचांना शेतातली मोटार चालू राहिल्याचं आठवलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या पायात चपला होत्या.

ताट धरून केवळाबाई तशीच उभी. मग खालून आवाज आला.

"ह्ये येवढा सत्कार करून राहिले, अन् घास खायला एक मानूस न्हाई? माजी सासू काय इख हाय का?"

बबिता होती. दीड वर्ष जिनं ताट वेगळं ठेवलं, तीच तरातरा मंचावर चढली आणि त्याच ताटातली भगर खाल्ली. एक घास, मग दुसरा. मग ताट माझ्यापुढं धरलं. "भाऊ, दर सोमवारी दवाखान्यात ह्येच वाचून दाखविता ना तुमी? घ्या."

मी खाल्ली. दीड वर्षात या बाईच्या घरी मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, दर वेळी काहीतरी कारण सांगितलं होतं. मला लाज वाटली. भगरीत मीठ जरा जास्त होतं.

"फोटो घ्या, फोटो!" म्हणत साहेब ताटाला हात लावून उभे राहिले.

पंधरा दिवसांनी मी मुद्दाम घरी गेलो. ऋतुजा आजीच्या मांडीवर बसून वरणभात खात होती आणि आजी प्रत्येक घासाला एक गोष्ट सांगत होती. मांडणीकडं बघितलं तर प्रत्येक ताटाला, प्रत्येक तांब्याला लाल ठिपका. मी दचकून बबिताकडं पाहिलं.

"निघंचना मेला," ती म्हणाली. "लई घासला. मंग सगळ्यालाच लावला."

तिनं चहा आणला. माझ्या कपालाही ठिपका होता.