रिकामा डबा देऊ नये

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे गेले. मुलगा, सून आणि नात गेली बदलापूरला, खरवईला त्यांच्या नवीन बिल्डिंगमध्ये. लेक तिच्या घरी अंबरनाथला गेली. उल्हासनगरच्या या कॅम्प तीनमधल्या खोलीत मी उरले आणि दिवाळीचा पसारा उरला.

दिवाळीच्या आधी घर साफ करतात, त्याचं सगळ्यांना कौतुक. नंतरची सफाई कोणाला दिसत नाय. गादीच्या शिवणीत चकलीचा चुरा, मोरीत उटण्याचा गाळ, भिंतीवर पणतीचा काळा पट्टा, उंबऱ्यापाशी तेल सांडून त्यावर धूळ बसलेली. कढईच्या बुडाला काळं इतकं की नखाने खरवडलं तर नख जाईल. चिवडा सादळलेला, करंज्यांचे कान तुटलेले. आणि मुंग्या. मुंग्यांना दिवाळी आपल्यापेक्षा जास्त दिवस असते.

जाताना मुलगा बोलला, "आई, राहू दे तसंच. रविवारी येऊन आम्ही करतो."

मी बोलले, "रविवारपर्यंत मुंग्या घर उचलून नेतील."

"तुम्हाला नीट दिसत नाय, आई," सून बोलली. "कशाला करायचं?"

"चाळीस वर्षं केलं ते काय डोळ्यांनी केलं? हातांनी केलं."

ती पिशव्या उचलायला लागली. मुलगा चप्पल घालता घालता बोलला, "बाजूच्या भाभींना मी नंबर देऊन ठेवलाय. आता परत काय झालं ना आई, त्या मला फोन करणार. मग मी तुझं एक ऐकणार नाय. सामान उचलायचं आणि खरवई."

परत म्हणजे काय, ते सांगते. गणपतीच्या वेळी मी दूध तापवून गॅस बंद केला, म्हणजे मला वाटलं केला. बटण अर्धंच फिरलेलं. बाजूच्या भाभीला वास आला म्हणून बरं. तेव्हापासून मुलाच्या डोक्यात ते बसलंय.

डोळ्यांचं माझ्या असं आहे की दोन्हीत मोतीबिंदू आहे. डॉक्टर बोलला, पिकलाय, करून घ्या. मी करत नाय. घाबरते म्हणून नाय. चार बाळंतपणं काढली, त्यातली दोन पोरं हातातून गेली, सुईला काय घाबरणार. पण ऑपरेशन केलं की महिनाभर वाकायचं नाय, चुलीपाशी जायचं नाय, डोक्यावर पाणी घ्यायचं नाय. म्हणजे मुलाकडे राहायचं. आणि एकदा मी तिथे गेले की मला परत कोण आणून सोडतंय? सून एकदा सहज बोलून गेली होती, खोली भाड्याने दिली तर नातीची फी निघेल. वाईट मनाने नाय बोलली. पण मी ऐकलं.

तिथे वाईट काय नाय. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. पण तिथे मी सोफ्यावर बसून असते. कोणी आलं की बोलतात, ही आई. इथे मला कोणी दाखवावं लागत नाय. इथे मीठ कुठे, माचिस कुठे, ते माझ्या हातांना माहीत आहे.

तर सफाईला लागले. आता उभं राहून होत नाय. बसून, सरकत सरकत करते. पुढचं पुसते, मागे सरकते, बादली ओढते. आधी पणत्या गरम पाण्यात सोडा टाकून भिजवल्या. तेल सुटून वर आलं, ते कागदाने टिपलं. भिंतीचा काळा पट्टा ओल्या फडक्याने पुसला तर आणखी पसरला. मग राख लावून घासला. नळाला पाणी सकाळीच येतं, तेवढ्यात डबे, पराती, झारा, सोऱ्या सगळं घासून पालथं घातलं. सोऱ्याच्या जाळीतलं पीठ वाळून दगड झालेलं, ते काडीने काढलं. कंबर मोडली. थोडा वेळ भिंतीला टेकून बसले. परत उठले.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत शांत असतं. जीन्सचे कारखाने बंद, कारागीर छठपूजेला गावाला गेलेले. एरवी दिवसभर मशिनींची घरघर. आमचे मालक, म्हणजे पोरांचे बाप, होते तेव्हाची गोष्ट सांगते. ते कामाला होते ती अंबरनाथची कंपनी बंद पडली आणि ते घरी बसले. बसले ते बसलेच. मग मी कारखान्यातून जीन्स घरी आणायला लागले, धागे कापायला. निळ्या कापडावरचा निळा धागा, पिवळ्या बल्बखाली. बोटांत ते छोटं कटर धरून रात्री बारा-बारा वाजेपर्यंत. घरभर निळं तूस उडायचं. पोरांच्या नाकातून निळं यायचं, भाताला निळा वास यायचा. दिवाळीला तेवढे चार दिवस गठ्ठे नसायचे. दिवाळी संपली की मी घर असंच धुवायचे आणि कोपरा रिकामा करून ठेवायचे. कशाला? तर परत गठ्ठे यायचे म्हणून. घर साफ झाल्याचं सुख मला एक रात्र मिळायचं.

आता गठ्ठे नाय येत, पण कोपरा मी अजून रिकामाच ठेवते. सवय.

सगळं आवरलं आणि राहिला भाभीचा डबा. भाभी म्हणजे बाजूची सिंधी म्हातारी. तिची माणसं फाळणीत सिंधमधून आली तेव्हा या मिलिटरीच्या जुन्या बराकीत राहिली, भाभी इथेच जन्मली. तिची माझी भिंत एक. मला बोलवायचं तर ती भिंतीवर लाटणं आपटते. दिवाळीला तिने शेवेची मिठाई पाठवली होती, स्टीलच्या डब्यात. डबा घासला, पुसला. रिकामा डबा परत देऊ नये, हे माझ्या सासूने मला शिकवलं आणि मी भाभीला. दुसरं काय नसलं तर मूठभर साखर घालायची. मी फळीवरून साखरेचा डबा काढला, दोन मुठी घातल्या, झाकण लावलं आणि देऊन आले.

दुपारी भिंतीवर लाटणं वाजलं. रोज दोनदा वाजतं, त्या दिवशी पाच-सहा वेळा. मी उठेपर्यंत ती दारातच.

"ओ बाई! ये क्या दिया मेरेको?"

"साखर."

"साखर? ले, चख."

तिने माझ्या तळहातावर ठेवली. मी जिभेला लावली. दातांखाली करकर वाजलं.

रांगोळी.

"चाय में डाली मैंने," भाभी बोलली. "ढवळते, ढवळते, पिघळतीच नाय. मैं बोली, राशनवाल्याने मिलावट केली. त्याला शिव्या दिल्या, त्याच्या बापाला दिल्या, आजाला दिल्या. फिर याद आया, ये शक्कर तो मेरी बाई की है!"

"प्यायलीस काय?"

"एक घोट. पोटात आता रांगोळी निघाली असेल, मोरवाली." आणि हसली. "मैंने तेरेको मिठाई दी, तूने मेरेको पत्थर का चूरा दिया. कोई दुश्मनी है?"

मीपण हसले. दोन म्हाताऱ्या, दारात उभ्या राहून हसलो. मग हसू संपलं. ती खाली बसली, मीपण बसले.

"तेरे लडके ने नंबर दिया है मेरेको," ती हळू बोलली.

"माहीत आहे."

"मैं क्या बोलूं?"

"तुला वाटेल ते बोल."

तिने पदराने तोंड पुसलं आणि गेली.

ती गेल्यावर मी फळी बघितली, म्हणजे एकेक डबा उघडून वास घेतला. नातीचं काम होतं. रांगोळीची पिशवी फाटली असणार, म्हणून पोरीने उरलेली पांढरी रांगोळी साखरेच्या डब्यात भरली आणि साखर दुसऱ्या डब्यात नेली. मदत केली बिचारीने. पहिल्यांदा मला तिचाच राग आला. माझ्या फळीला हात लावायचा कशाला? मग वाटलं, डबा कोणी का भरेना, मूठ तर मीच भरली. डोळ्यांना नाय दिसलं, ठीक आहे. पण हाताला कळायला पाहिजे होतं. साखर आणि रांगोळी, हाताला कळत नाय? मी मुठीत घेतली, दोनदा घेतली, आणि मला साखरच वाटली.

बोटं चोळून बघितली. टोकं सुन्न आहेत. कटर धरून, सोड्याच्या पाण्यात घालून घालून ती कधी मेली ते मला कळलं नाय. आणि मी सुनेला ऐकवत होते, हातांनी केलं म्हणून.

तरी मी मनात ठरवलं होतं, काय बोलायचं नाय. भाभी सांगणार नाय, मीपण सांगणार नाय. फळी परत लावली, प्रत्येक डबा जागेवर. लावता लावता साखरेच्या जागेच्या बाजूचा डबा हातात आला. तसाच स्टीलचा, तेवढाच. उघडला. धुण्याचा सोडा. पणत्यांसाठी काढलेला, मीच तिथे ठेवलेला.

तो डबा हातात धरून मी बसले. माझा हात एक वीत इकडे गेला असता तर भाभीने सोडा चहात ढवळला असता. सोडा तर विरघळतो. तिने राशनवाल्याला शिव्यापण दिल्या नसत्या.

त्या रात्री जेवण नाय केलं. चिवडा होता, तो खाल्ला.

रविवारी मुलगा आणि सून आले, जास्तीच्या गाद्या न्यायला. भाभी दारातच बसलेली. मुलाने तिला विचारलं, "काय भाभी, आई ठीक ना?"

"एकदम ठीक," भाभी बोलली. "मेरेको रांगोळी भेजी उसने. डिब्बा भरके. मेरा आंगन देख."

खरंच तिने काढली होती. तिच्या उंबऱ्यापाशी चार वाकड्या रेघा आणि मधे एक ठिपका. तिच्याकडे रांगोळी काढत नाय कोणी, तिला येतच नाय. मुलगा हसला. बोलला, "आईचं पण काहीतरीच. दिवाळी झाल्यावर रांगोळी?"

भाभीने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. तिथेच सोडलं असतं तर सुटलं असतं. पण ती माझ्यासाठी गुडघे धरून खाली बसली होती, त्या चार रेघा काढायला. तिचे गुडघे माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त गेलेले आहेत.

"साखर समजून दिली," मी बोलले. "तिने चहात टाकली. आणि बाजूला सोडा होता."

मुलाचा चेहरा मला नीट दिसला नाय, त्याचं बरंच झालं.

"अदी, मेरी बहन, तू पण ना," भाभी बोलली. "मैं संभाल रही थी."

"कशाला संभाळतेस? पुढच्या वेळी मरशील."

मग मी मुलाला बोलले, "डोळे करून घेते. तुळशीचं लग्न झालं की येते तुझ्याकडे. पण खोली कोणाला द्यायची नाय."

"आई, आम्ही कधी बोललो..." सून बोलली.

"तू नाय बोललीस. मी बोलतेय. डॉक्टर बोलला आता वाकलं तरी चालेल, की मला इथे आणून सोडायचं."

"बघू, आई," मुलगा बोलला.

"बघू नाय. बघायचं काम माझं. तू सोडायचं."

गादीला दोरी बांधत तो बोलला, "सोडतो."

शब्द दिला. खरा करेल काय, मला माहीत नाय. वाईट नाय माझा मुलगा. पण आयुष्यात मला बरेच जण बघू बोलले, सोडतो बोलले.

तुळशीचं लग्न झालं. ऊस, चिंचा, बोरं, सगळं गोळा करून टाकलं. मुलगा आला, स्टुलावर चढून कंदील उतरवला. त्याची शेपटं गळून पडत होती, ती मी झाडून घेतली. फरशी पुसली. पणत्या कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवल्या. सोडा खाली मोरीपाशी ठेवला, एकटा.

निघायच्या आधी भाभी तोच डबा घेऊन आली. उरलेली रांगोळी ओतून, धुऊन, पापड भरून. "वहां खाना," बोलली. "तुझ्या सुनेला पापड भाजता येत असेल तर."

पापड मी पिशवीत काढून घेतले. डबा धुतला.

मुलगा गल्लीत रिक्षा थांबवून आलेला. बोलला, "आई, भाभींचा डबा देऊन टाक ना, बाजूलाच तर आहेत."

"रिकामा?"

"मग घाल साखर."

"आता नाय," मी बोलले. "दिसायला लागलं की घालीन."

डबा फळीवर पालथा ठेवला, साखरेच्या बाजूला. कुलूप लावलं. चावी भाभीकडे दिली. डबा दिला नाय.