एकतिसावं डोकं

कार्यालयात तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. स्नायूंच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची ती जगभरची संस्था. साठ देश, प्रत्येकाचा एक प्रतिनिधी. दर दोन वर्षांनी सर्वसाधारण सभा भरायची, आणि सभेतली डोकी आणि वर झालेले हात मोजायचं काम बावीस वर्षं तिच्याकडे होतं. ती बोट दाखवून मोजत नसे. ते तिला उद्धटपणाचं वाटे. हनुवटी जराशी हलवत रांगांवरून नजर फिरवायची आणि आकडा सांगायची. त्या आकड्यावर कधी कुणी शंका घेतली नव्हती.

त्या दिवशी सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता तो सतराव्या विषयासाठी. अजेंड्यावरचा तो शेवटचा विषय: एका आजाराला संस्थेच्या यादीत घेणं. यादीत नाव आलं की रुग्णालयं औषध देतात, नाही आलं तर हात वर करतात. हा विषय याआधी दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्याच्यापर्यंत पोचायच्या आत कोरम मोडला होता. विमानं गाठायची म्हणून डॉक्टर मंडळी एकेक करून काढता पाय घेत. कोरम एकतीस डोक्यांचा. त्याहून एक कमी झालं की सभा बरखास्त, विषय दोन वर्षांनी.

तो आजार तिच्या ताईला होता. आई गेल्यावर जिनं हिला वाढवलं, कपडे शिवून शिकवलं, ती ताई. चार वर्षांपूर्वी ती कात्री चालवत होती. आता चमचा तोंडापर्यंत जात नव्हता, आणि महिन्याभरापासून गिळतानाही ठसका लागत होता.

हे कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. नियम नववा सांगत होता की कर्मचाऱ्याने कोणत्याही ठरावासाठी सभासदाकडे शब्द टाकू नये. नियमावलीच्या तीनही आवृत्त्या तिनंच टाइप केल्या होत्या. तिनं एवढंच केलं, की सभेच्या आदल्या आठवड्यात अध्यक्षांना भीतभीत विचारलं, "सर, सतरावा विषय थोडा वर घेता येईल का? नेहमी राहून जातो."

"क्रम कार्यकारिणी ठरवते हो, बाई. मी नुसता खुर्चीत बसतो," अध्यक्ष हसून म्हणाले.

सभा सुरू झाली तेव्हा चोपन्न डोकी होती. बाराव्या विषयाला घात झाला. संस्थेच्या बोधचिन्हावरच्या सापाचं तोंड डावीकडे असावं की उजवीकडे, यावर पन्नास मिनिटं भाषणं झाली.

"डावीकडे तोंड म्हणजे मागे बघणं!" एक डॉक्टर टेबलावर हात आपटत म्हणाले.

"सापाला मागेपुढे नसतं, डॉक्टर. तुम्हाला आहे, तुम्ही पुढच्या विषयाकडे बघा," दुसऱ्यांनी सुनावलं.

सगळे हसले. मोजणीबाई हसली नाही. दारातून एक बॅग बाहेर गेली, मग दुसरी. त्रेचाळीस. एकोणचाळीस. साप शेवटी आहे तसाच राहिला. पंधराव्या विषयाला चौतीस. सोळावा संपला आणि तिसऱ्या रांगेतले नियमवाले डॉक्टर उठले. माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेर शिंकसुद्धा नको, एवढंच.

"अध्यक्षमहाराज, कोरम आहे का?"

कुणी विचारलं नसतं तर सभा चालून गेली असती. आता मोजणं भाग होतं. तिनं हनुवटी हलवली. परत पहिल्या रांगेपासून मोजलं. तीस. एकतीस म्हणायला काहीच अवघड नव्हतं. दारापाशी चहावाला कोट घालून उभाच होता, डोक्यांत सहज खपला असता. सगळं सभागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"तीस," ती म्हणाली.

"नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबू," अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवलं.

ती बाहेर पडली. आधी चालत, मग जिना उतरताना धावत. पोर्चमध्ये बेटावरचे डॉक्टर टॅक्सीच्या डिकीत सुटकेस ठेवत होते. लहानशा बेटाचे प्रतिनिधी, गोल चेहऱ्याचे, सगळ्यांशी गोड.

"डॉक्टर, वर चला. एक डोकं कमी पडतंय."

"अहो बाई, माझ्या बेटावर आठवड्यातून दोनच विमानं जातात! हे चुकलं तर गुरुवारपर्यंत इथेच राहावं लागेल."

"सतरावा विषय आहे."

"माहीत आहे. माझं मत त्याच्या बाजूनंच आहे. पुढच्या सभेला नक्की..."

"पुढच्या सभेपर्यंत माझी बहीण नसेल," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिनं बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. डिकीतून सुटकेस उचलली आणि ती छातीशी धरून जिन्याकडे निघाली.

"अहो! अहो, माझे कपडे आहेत त्यात!" डॉक्टर मागून धावले.

"असू देत. वर मिळतील तुमचे कपडे."

तेरा मिनिटं झाली होती. दोघं धापा टाकत आत आले. एकतीस. अध्यक्षांनी सतरावा विषय वाचायला सुरुवात केली, तेवढ्यात बेटावरचे डॉक्टर भले मनाने उठून म्हणाले, "मी निघालो होतो, मित्रहो. पण या बाईंच्या बहिणीला हाच आजार आहे म्हणे. त्यांनी इतकं कळवळून सांगितलं, की मी फिरलो. आपणही जरा मनावर घ्या."

त्यांना वाटलं आपण मदत केली. नियमवाले डॉक्टर सावकाश उठले.

"नियम नऊ," ते म्हणाले. "कर्मचाऱ्याने शब्द टाकला आहे. ही उपस्थिती धरावी का, हे अध्यक्षांनी सांगावं."

"बाई, तुम्ही यांना सांगितलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"बहिणीबद्दल?"

"हो सर."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिनं टेबलाची कड धरली.

"माणूस कशासाठी आला हे नियमावली विचारत नाही. तो खोलीत आहे की नाही, एवढंच विचारते. कोरम पुरा आहे," अध्यक्ष म्हणाले. "बाईंचं वागणं कार्यकारिणीपुढे जाईल. मतदान घेऊ. दोन तृतीयांश हवेत, म्हणजे एकवीस."

"सर, आज मी मोजणार नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी मोजावं."

"मग कोण?"

"ते मोजतील." तिनं नियमवाल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

हात वर झाले. नियमवाले डॉक्टर रांगांमधून फिरले, बोट दाखवत, ओठ हलवत. स्वतःचा हात त्यांनी वर केला नव्हता. एकदा मोजून त्यांचं समाधान झालं नाही. ते परत फिरले. एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा हात दुखून खाली यायला लागला, तसं ते म्हणाले, "वर ठेवा, वर ठेवा, अजून झालं नाही." ती जमिनीकडे बघत राहिली.

"बावीस," ते म्हणाले, आणि जाऊन जागेवर बसले.

ठराव मंजूर झाला. तो लागू होणार होता इतिवृत्तावर सही झाल्यापासून नव्वद दिवसांनी. तिनं अध्यक्षांना जाऊ दिलं नाही. समोर बसवून संध्याकाळपर्यंत इतिवृत्त टाइप केलं. अध्यक्षांनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'एकतिसाव्या सभासदास कार्यालयीन कर्मचाऱ्याने नियम नऊचा भंग करून बोलावून आणले.'

"हे नसलं तरी चालेल, बाई. माझ्या निर्णयात आलंच आहे."

"नसलं तर उद्या कुणीतरी म्हणेल इतिवृत्त अपुरं आहे. मग ठरावच जाईल, सर."

त्यांनी सही केली. तिनं तारखेखाली शिक्का मारला.

घरी ताई खिडकीशी उशांना टेकून बसली होती. बोलताना ती आता मध्येच श्वासासाठी थांबायची.

"चेहरा का असा? पडला का ठराव?"

"नाही. झाला."

"मग रडतेस कशाला, वेडे?"

"सोमवारी कार्यकारिणीनं बोलावलंय मला. नोकरी राहील असं वाटत नाही."

ताईनं मान तिच्याकडे वळवली. "आणि औषध?"

"नव्वद दिवस."

ती खिचडी मऊ करून घेऊन आली, चमचा भरून, फुंकर घालून पुढे केला. ताईनं गिळलं, ठसका लागला, पाठ चोळल्यावर थांबला.

"सोमवारी तो करडा कुर्ता घालू नकोस," ताई दम खात म्हणाली. "त्यात तू आधीच गुन्हा कबूल केल्यासारखी दिसतेस."

"बरं."

"अजून एक दे."

तिनं दुसरा चमचा भरला, या वेळी अर्धाच.