डावीकडे झुकणारी पालखी

आमच्या वाडीत हरिश्चंद्रला वयाच्या पन्नाशीपर्यंत कुणी विचारत नव्हतं. हातखंब्याच्या तिठ्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. माणूस इतका साधा, की गावकीच्या सभेत त्याने हात वर केला तर लोकांना वाटे, पंखा लावायला उठला. मग एका शिमग्यात त्याच्या खांद्यावर पालखी आली आणि तो रातोरात थोर झाला.

आमच्याकडे शिमग्यात सहाणेसमोरच्या, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यासमोरच्या, मळ्यात नारळ पुरतात. त्याला खूण म्हणायचं. दोघे जण ग्रामदेवीची पालखी खांद्यावर घेतात आणि ती ओढील तिकडे जाऊन खूण काढतात. त्या वर्षी पुढे हरिश्चंद्र होता आणि मागे मी. मी म्हणजे भागोजी, पतपेढीतला कारकून आणि त्याचा शेजारी. पालखी उचलल्याबरोबर तो डावीकडे असा काही झुकला की मी मागून फरफटत गेलो, आणि पाच मिनिटांत नारळ सापडला. लोक त्याच्या पाया पडले. माझ्याही पडले, मागच्या माणसाला उरलंसुरलं मिळतंच.

दुसऱ्या वर्षीही तो डावीकडेच गेला. तोवर खूण पुरणाऱ्यांनाही डाव्या बाजूची माती जास्त भुसभुशीत वाटू लागली होती. तिसऱ्या वर्षी पार सावर्ड्याहून गाड्या भरून माणसं आली, मोबाईलवर चित्रण झालं, आणि टायरमध्ये हवा भरायला येणारे आधी हरिश्चंद्रला नमस्कार करू लागले.

हाच माणूस दुकानात जॅकजवळून उठतानाही डावीकडे कलायचा, अंगणात कठडा धरून चालायचा, फोन नेहमी उजव्याच कानाला लावायचा. मला हे रोज दिसत होतं. पण पंक्चर काढताना देवी अंगात कशी येईल, हे विचारायला गावकीने काही मला नेमलं नव्हतं. डाव्या कानात रातकिडे ओरडतात, असं तो सांगायचा. त्यावर वाडीतल्या जाणकारांनी पित्त, वात आणि चष्म्याचा नंबर अशी निदानं केली. एकाने तर स्वतःचा मानेचा पट्टा उदार मनाने वापरायला दिला.

माघात एका सकाळी तो भोवळ येऊन टायरच्या ढिगावर पडला. तेव्हा त्याची बायको तुळसा त्याला रत्नागिरीला घेऊन गेली, आणि फॉर्म भरायला कारकून बरा म्हणून मलाही नेलं. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. तो डावीकडे कलला आणि मी सवयीने त्याला मागून धरला. मग मणक्यांचा आणि कानाच्या आतल्या भागाचा, दोन्हींचा एमआरआय लिहून दिला. तिथल्या मुलीने त्याची अंगठी, ताईत, गळ्यातला टाक, सगळं काढून घेतलं. एवढ्या देवांना बाहेर बसवून तो एकटाच मशीनमध्ये गेला. बाहेर आल्यावर म्हणाला की आत नुसता ताशा बडवत होते, ठेका कुणालाच येत नव्हता, त्यापेक्षा आपली पोरं बरी.

मणके वयाला शोभतील इतपतच झिजलेले निघाले. पण डाव्या कानाच्या नसेवर चांगली आवळ्याएवढी गाठ होती. कॅन्सरची नव्हे, पण मेंदूला रेटू लागली होती. महिनाभरसुद्धा थांबू नका, जिवाशी खेळ होईल, असं डॉक्टर म्हणाले. कान गेलाच होता. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर कदाचित वाचला असता. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

शिमगा दीड महिन्यावर होता, म्हणून गावकी बसली. गावकीचा म्होरक्या गावकर सखारामने फिल्म उलटी धरून उजेडात पाहिली आणि एवढ्याशा ठिपक्याला घाबरायचं कारण नाही, असा निर्वाळा दिला. देवीची सेवा करणाऱ्याला देवी काही होऊ देणार नाही, तेव्हा ऑपरेशन पाडव्यानंतर करावं, असं ठरलं. हरिश्चंद्रने मान डोलावली. मीही डोलावली. तेवढ्यात तुळसा आत आली. आमच्या गावकीत बायका बोलत नाहीत, चहा देतात.

"पालखीला खांदा द्यायला गावात दोनशे मानसा हायत," ती म्हणाली. "माज्या घरात एकच हाय."

दुसऱ्या दिवशी ती त्याला मुंबईला घेऊन गेली. जीव वाचला, डावा कान मात्र परत आला नाही.

शिमग्याला तो परत आला होता, डोक्याला मफलर, हातात काठी. पालखीच्या पुढे या वेळी सखारामचा पुतण्या होता, चांगला धडधाकट, आणि मागे मीच. पालखी सरळ निघाली ती थेट कुंपणाला टेकली. तासभर फिरली. खूण पुरणारे डाव्या बाजूला उभे राहून जोरजोरात खोकत होते, शेवटी पालखीला तो खोकला ऐकू आला. मग कुजबुज सुरू झाली, की हरिश्चंद्रने ऑपरेशन केलं म्हणून देवी रुसली.

मी खांदा चोळत त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"तू मागं व्हतास," तो म्हणाला. "माजा तोल जायचा ता तुला कळत व्हता ना?"

याची उत्तरं मी महिनाभर तयार करत होतो. लोक माझ्याही पाया पडत होते, ते मला आवडत होतं, एवढंच खरं होतं.

"व्हय," मी म्हटलं. "पयल्या वर्सापासून."

त्याने काठी मांडीवर आडवी घेतली.

"मला पन कळत व्हता," तो म्हणाला. "पन तेवढी तीन वर्सा लोका माज्याशी बोलत व्हती."