आतल्या खोलीतला फोन

दिवाळीच्या साफसफाईत आतल्या खोलीतला जुना फोन सापडला. पुसताना रिसीव्हरला बाबांच्या तंबाखूचा वास आला आणि माझी मान खाली गेली.

तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरूनच मी मोडेमवर सरकारी याद्या भोपाळला पाठवायचो. फाइल अर्ध्यावर गेली की थबकायची. त्याच लाइनवर आत बाबांचा फोन होता, तो उचलला की फाइल अडते असं मला वाटलं, म्हणून ताईच्या सासरचे बसलेले असताना मी बाबांवर ओरडलो. "काहून उचलता फोन घडीघडी?"

"मी हातबी नाही लावला रे फोनले," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांच्या फोनची वायरच काढली. फाइल तरीही थबकली. आठवड्याने कळलं, घाईपायी मीच मोडेमचा वेग वाढवून ठेवला होता, आमच्या जुनाट लाइनला तो झेपत नव्हता. वेग कमी केला, फाइल गेली. वायर मी गुपचूप जोडून दिली.

पुढे मोडेम भंगारात गेला. तरी कुणाला फोन लावायचा असला की बाबा आधी माझ्या दाराशी यायचे.

"तुह्यं काही चालू तं नाही ना रे? उचलू?"

मी मान वर न करता 'हव' म्हणायचो.