सतरा फूट, बारा किलो

"सतरा फूट आणि बारा किलो? ताई, एखादा आकडा चुकला तुमचा. नीट पाहा बरं."

नागपूरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातला बुकिंग क्लार्क मला फोनवर हे तिसऱ्यांदा म्हणाला. मी कागद पुन्हा पाहिला. आकडे बरोबर होते. माल: कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची शर्यतीची अरुंद बोट. कुठून: केरळ. कुठे: पवनी, जिल्हा भंडारा.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हटलं.

"मग भाडं कशाचं लावू? वजनाचं लावलं तर आमचं काही निघत नाही. जागेचं लावलं तर तुम्ही ओरडाल."

"ओरडणार नाही. गाडी सांगा."

"गाडीच नाही ताई. एवढ्या लांब वस्तूवर दुसरा माल रचता येत नाही. कोण घेईल?"

मी भंडाऱ्यात ट्रान्सपोर्टचं बुकिंग करते. आमच्याकडे ट्रक नाहीत. ज्याला माल पाठवायचा आहे त्याला गाडी मिळवून द्यायची, गाडीवाल्याला माल मिळवून द्यायचा, मध्ये बिल्टी फाडायची. बिल्टी म्हणजे मालाची पावती. सासरचा हातमागाच्या कापडाचा धंदा बसला तेव्हा मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे ऑफिस उघडलं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि बऱ्याच राइस मिल तिकडे मोजल्या जाऊ लागल्या. मालकांचा उत्साह तिथेच संपला. तेव्हापासून टेबलावर मी बसते. तांदूळ, बांबू, पितळी भांडी, एकदा तर अख्खं बँड पथक सामानासकट मी पाठवलं आहे. बोट कधी आणली नव्हती.

बोट प्रणालीची होती. तिचे वडील देवराव रामटेके पवनीजवळच्या एका मिलमध्ये हमालांचे मुकादम. माझ्या गाड्या तेच भरून देतात, त्यामुळे मुलगी लहानपणापासून ओळखीची. गोसीखुर्द धरणात त्यांचं गाव गेलं. नव्या गावठाणापासून धरणाचं पाणी चालत दहा मिनिटांवर आहे. नागपूरला कॉलेजात असताना ती कयाक शिकली, तिथेच बक्षिसं मिळवली. कॉलेज संपलं तशी कॉलेजची बोटही संपली. पवनीला परत येऊन एका दवाखान्यात नोकरीला लागली आणि पहाटे ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा मागून त्यात हात चालवायची. लाकडी डोंगा आणि शर्यतीची बोट यांत बैलगाडी आणि सायकलइतका फरक असतो, असं तिनेच मला सांगितलं.

ती ऑफिसात आली तेव्हा बोटीचे पैसे देऊन मोकळी झाली होती.

"काकू, रेल्वेनं येते का जी?"

"सतरा फुटांची? लगेजवाला तुलाच डब्यात बसू देणार नाही."

"मंग कशी आनाची?"

"ते माझं काम. तू तारीख सांग."

"राज्याच्या संघाची निवड चाचणी दीड महिन्यानं आहे. बोट आपली आपण न्या लागते. मांगच्या साली दुसऱ्याची मागून उतरली होती, सुरुवातीलाच उलटली. ह्या बोटी अशा रायतात का जी, अंगाची सवय व्हा लागते. महिना तरी पाह्यजे."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या साली वय बसत नाही."

मी कॅलेंडरवर एका रविवारला गोल केला. "या रविवारी बोट पवनीला. माझा शब्द."

कोणी मागितला नव्हता तो शब्द. मीच दिला.

गाडी दुसऱ्या दिवशी डोक्यात आली. आमच्याकडचा उकडा तांदूळ केरळला जातो. तांदूळ उतरवून ट्रक रिकामा परत येऊ नये म्हणून ड्रायव्हर तिकडचा मिळेल तो माल भरतो. याला रिटर्न गाडी म्हणतात. माझ्या ओळखीचे इस्माईलभाई त्याच आठवड्यात तिकडे तांदूळ घेऊन गेले होते आणि परतीला नागपूरसाठी काथ्याच्या चटया भरणार होते. काथ्या म्हणजे नारळाच्या शेंड्यांचा दोर. त्याच्या गुंडाळलेल्या चटयांवर बोट ठेवली की गादीच झाली.

इस्माईलभाई फोनवर हसले. "मॅडम, बीस साल में चावल ढोया, लोहा ढोया, भैंस भी ढोई. नाव पहली बार."

"पाण्यात नाही टाकायची. ट्रकवरच आणायची आहे."

बोट विकणारे जोसेफ सर म्हणून एक म्हातारे कोच होते. त्यांनीही मला फोन केला. त्यांचं हिंदी कच्चं, माझं इंग्रजी कच्चं. "मॅडम, रोप नो. बेल्ट आय गिव्ह. ओन्ली हँड टाइट." म्हणजे दोरी वापरू नका, पट्टे मी देतो, ते फक्त हाताने ओढून बसतील एवढेच आवळा. मला अर्थ समजला होता. समजला नाही असं म्हणायची सोय मला नाही. त्या वेळी माझी एक गाडी चेकपोस्टवर अडकली होती, दुसऱ्या फोनवर तिचा ड्रायव्हर ओरडत होता. मी "यस सर, यस सर" म्हणून फोन ठेवला.

पाच दिवस इस्माईलभाईंनी रोज कळवलं. "आपकी दुल्हन सो रही है, गद्दे पर." शनिवारी दुपारी बोट नागपूरला वाडीच्या गोदामात पोचली. मी आमच्या ऑफिसचा हमाल नत्थूभाऊ, एक पिकअप आणि प्रणालीला घेऊन तिथे गेले.

बोट उतरवली तेव्हा मला जरा हसूच आलं. पांढरी, गुळगुळीत, माणूस जेमतेम बसेल एवढी रुंद. नत्थूभाऊंनी एका हाताने उचलली आणि म्हणाले, "बाई, हे तर सूप होय."  प्रणाली बोटीभोवती एकदा फिरली, खाली वाकून पोट पाहिलं, हात फिरवला. दीड हजार किलोमीटरचा प्रवास झाला होता. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

इस्माईलभाई म्हणाले, "मॅडम, मंगल को मैं पवनी ही आ रहा हूँ, चावल भरने. तब तक यहीं रहने दो. दो-चार चटाई माँग लेता हूँ सेठ से, उसी पे रखके घर तक छोड़ दूँगा."

"चटया पार्टीच्या आहेत, आपल्या नाहीत," मी म्हटलं. "आणि मंगळवार कशाला? उद्या रविवार आहे. माझा शब्द आहे."

"दोन दिवसांनं काही होत नाही काकू," प्रणाली म्हणाली.

"तुला महिना पाहिजे म्हणालीस ना? मग?"

ती बोटीचं एक टोक उचलायला गेली.

पिकअपच्या केबिनवर लोखंडी फ्रेम असते. फ्रेमपासून मागच्या फाळक्यापर्यंत आम्ही दोन बांबू टाकले आणि त्यावर बोट ठेवली. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलं. जोसेफ सरांनी दिलेले पट्टे रुंद, कापडी, बकलवाले होते. मला ते शाळेच्या दप्तराचे वाटले. मी नायलॉनची दोरी काढायला सांगितली.

आमच्याकडे माल कसा बांधतात ते सांगते, म्हणजे माझी चूक कळेल. भंडाऱ्याची पितळी भांडी असोत की बांबू, नियम एकच: माल हलला की गेला. दोरीचे दोन फेरे घ्यायचे, मध्ये दांडका घालायचा आणि पीळ देत जायचं. दोरी टणक झाली, बोटाने वाजवली की आवाज आला, की बांधणी झाली. माझ्या बांधणीतली गाडी कधी सैल पडून आलेली नाही. इतर ऑफिसवाले त्यांची माणसं माझ्याकडे बघायला पाठवत. मला त्याचा अभिमान होता.

"किती कसू, बाई?" नत्थूभाऊंनी विचारलं.

"नेहमीसारखी."

त्यांनी पीळ दिला. प्रणाली पुढे आली. "काकू, सर म्हणत होते का पट्टेच लावा, अन् हातानंच ओढा."

"तुझ्या सरांनी उमरेडचा रस्ता पाहिला आहे का?"

नत्थूभाऊ हसले. पिकअपवालाही हसला. मीही हसले. प्रणाली तेवढी हसली नाही.  मी तिच्या वडिलांच्या वयाची, ऑफिसवाली काकू, तिचं काम फुकटात करणारी. ती काय बोलणार होती? नत्थूभाऊ दुसऱ्या दोरीपाशी थांबून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अजून एक पीळ."

मे महिना होता. उमरेड, भिवापूर करत आम्ही निघालो. रस्त्याचं काम सुरू होतं, मध्ये मध्ये नुसती गिट्टी. भिवापूरला चहाला थांबलो तेव्हा मी उतरून दोरी वाजवली. तशीच टणक. "पाहिलंस?" मी प्रणालीला म्हटलं. ती म्हणाली, "हो जी."

संध्याकाळ व्हायच्या आत पाण्यावर पोचलो. देवरावभाऊ नारळ घेऊन उभे होते. गावठाणातले दहा-बारा जण आले होते. दोरी सोडली. बोटीवर दोन ठिकाणी दोरीचे बोटभर रुंद वळ दिसत होते. मी म्हटलं, जाईल ते. प्रणालीने बोट उलटी केली. बांबू टेकला होता तिथे अंगठा ठेवला आणि दाबला. पांढरं कवच आत गेलं आणि टक् आवाज करून परत वर आलं.

तिने दुसरीकडे दाबलं. तिथेही तसंच.

"काय झालं?" देवरावभाऊंनी विचारलं.

"काही नाही, बाबा. नारळ फोडा."

ती बोट पाण्यात घेऊन गेली. वीस-पंचवीस हात सरळ, सुंदर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती वळली आणि परत आली, तेव्हा बोटीत बसलेल्या तिच्या कमरेपर्यंत पाणी चढलं होतं. तिने बोट काठावर ओढली, उलटी केली, पाणी काढलं. बसायच्या जागेखाली आडवी चीर होती. वरून बघितली तर केसाएवढी. आतून फायबरचे थर तुटले होते.

मी जोसेफ सरांना फोन लावून प्रणालीच्या हातात दिला. ती बराच वेळ ऐकत होती. नंतर तिने मला समजावलं. ही बोट पातळ असते, सगळीकडून थोडी वाकते, म्हणून टिकते. खाली दोन कडक बांबू, वरून दोन कडक दोऱ्या. वाकायला जागाच उरली नव्हती. रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या दोन जागांवर बसला. ती हे शाळेतल्या धड्यासारखं सांगत होती. आवाज चढला नाही.

देवरावभाऊ म्हणाले, "जाऊ द्या बाई. तुमी होत्या म्हनून इथवर तरी आली."

त्यांना टोमणा मारता येत नाही. ते खरंच आभार मानत होते. ते मला आजही ऐकवत नाही.

आमच्या बिल्टीवर एक शिक्का असतो, ‘मालकाच्या जोखमीवर’. म्हणजे माल फुटला तर ट्रान्सपोर्टवाला जबाबदार नाही. केरळ ते नागपूर ती बिल्टी होती आणि तिथवर माल शाबूत होता. नागपूरपासून पवनीपर्यंत बिल्टीच नव्हती. घरचं काम म्हणून मी फाडली नव्हती. त्या ऐंशी किलोमीटरची जोखीम कोणाच्या नावावर होती, ते मला कागद न बघता माहीत होतं.

दुरुस्ती मी करून दिली. भंडाऱ्यात बसचे फायबरचे भाग जोडणारा एक कारागीर होता. त्याने बोट कधी पाहिली नव्हती, पण जोसेफ सरांनी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून करून घेतलं. सुकवणं, घासणं, पुन्हा थर चढवणं यांत तीन आठवडे गेले. चीर गेली. बोट जड झाली आणि डावीकडे थोडी ओढू लागली. बोट परत मिळाल्यावर तिसऱ्या दिवशीच प्रणालीला ते कळलं होतं. मला ते चाचणीनंतर कारागिराकडून कळलं.

चाचणीला बोट न्यायची वेळ आली तेव्हा मी गाडी मिळवून दिली आणि बाजूला उभी राहिले. प्रणालीने जुन्या गाद्या घातल्या, कापडी पट्टे लावले, हाताने ओढले. मला ती बांधणी बघवत नव्हती, इतकी सैल वाटत होती. बोट जशी गेली तशी पोचली.

तिघींना घेणार होते. ती चौथी आली. फरक किती, मी विचारलं. "अर्धी बोट," ती म्हणाली.

"बोट ओढत होती ना डावीकडे?"

"माह्या हातातच कमी पडलं, काकू. सराव कमी झाला."

सराव कमी का झाला, ते दोघींनाही माहीत होतं. मी "माफ कर" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा घेतेस?" ती घेते म्हणाली. चहा पिऊन ड्यूटीवर गेली. तो शब्द मी अजून तिला म्हटलेला नाही. आता तिचं लग्न झालं, एक मूल आहे. बोट गावठाणातल्या दोन मुली चालवतात, ती शिकवते. ढिवर लोक म्हणतात, पोरी बऱ्या चालवतात.

या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच. आमच्या बिल्टीत ‘विशेष सूचना’ असा एक रकाना असतो. पूर्वी तिथे मी आडवी रेघ मारायचे. आता माल देणाऱ्याला विचारते, कसा बांधू? बहुतेक जण म्हणतात, तुम्हाला जास्त कळतं, ताई. तरी मी पेन उघडं ठेवून बसते. माणूस दोन मिनिटं विचार करतो आणि काहीतरी सांगतो. ते जसंच्या तसं लिहून घेते.