शेपटाला बांधलेलं लिंबू

कोणतीही वस्तू हातात आली की आमचे समोरचे शेजारी आधी ती तळहातावर दोनदा हलकेच उडवायचे आणि मग निकाल द्यायचे, "जड हाये, भाऊ." मग तो दिवाळीचा लाडू असो की लग्नाची पत्रिका. माझ्या पुतण्याच्या बारशाला त्यांनी बाळ घेतलं, दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि म्हणाले, "मस्त हाये, पण डोक्याकडे भारी." बाळाच्या आजीने ते लगेच परत घेतलं.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ते उपकरण विभागात होते आणि मी कोळशाच्या प्रयोगशाळेत. क्वार्टर समोरासमोर. त्यांना रेडिओवर चालणारी छोटी विमानं बनवायचा नाद होता. तुम्ही ती खेळणी समजाल. मीही समजत होतो. पण ते मुठीएवढं इंजिन सुरू झालं की अख्खी लाईन अंगणात यायची. त्याच्या इंधनात एरंडेल असे, त्यामुळे त्यांच्या घरात शिरलं की लहानपणचा जुलाब आठवायचा.

अशा विमानाला बाल्सा नावाचं हलकं लाकूड लागतं. ते इकडे मिळत नसे. त्यांनी सावरीचं लाकूड पातळ तासून सांगाडा केला, पंखांत बांबूच्या कामट्या घातल्या, वर पतंगाचा कागद चिकटवला. प्रत्येक तुकड्याचं वजन व्हायचं. प्रयोगशाळेतला काटा मी देणार नाही, तो कोळशासाठी आहे, असं मी सांगून टाकलं होतं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. किराणा दुकानाचा तराजू सुट्टीच्या दिवशी मागून आणला. वजन ते बघायचे, बेरीज माझी.

"सोळाशे चाळीस ग्रॅम," मी एकदाचं सांगितलं.

ते खाटेवरून उठलेच. "उडते, भाऊ! आता हे उडते!"

आधीची दोन विमानं उडाली होती, पण उतरली झाडांत. दुसऱ्याचे तुकडे पोत्यात भरून आणले तेव्हा वहिनींनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की तिसरं मोडलं तर इंजिन आणि रेडिओ विकायचा आणि हा विषय बंद. "घरात जेवाले बसाले जागा नाई, अन् ह्यांचे पंख पसरून राह्यले," त्या मला म्हणाल्या होत्या. माणूस शब्दाचा पक्का. म्हणून ते तिसरं विमान उडणार त्या सकाळी मीही चहा न घेताच निघालो.

कॉलनीच्या मागे मुरमाचं मोकळं मैदान होतं, त्यापलीकडे झुडपी जंगल. थंडीचे दिवस, वारा नव्हता. निम्मी कॉलनी जमली होती. तोल बघायला पंखांखाली दोन बोटं लावून त्यांनी विमान उचललं. ते सरळ राहिलं, ना नाक खाली ना शेपूट. मग ते इंजिन सुरू करायला पुढे बसले. इंजिन तापेपर्यंत मागून कोणीतरी शेपूट घट्ट धरावं लागतं. ते काम शेजारच्या मावशींनी हट्टाने मागून घेतलं होतं.

"सोडा, मावशी!"

विमान धावलं, उठलं आणि नाक वर करून असं चढू लागलं की आम्ही टाळ्याच वाजवल्या. फक्त ते टाळ्या वाजवण्यासारखं नव्हतं. पंख डगमगले. त्यांनी रेडिओची दांडी पुढे दाबली, तेव्हा कुठे नाक खाली आलं. वळून ते आमच्या डोक्यावरून गेलं आणि मला शेपटाखाली काहीतरी लोंबताना दिसलं. पिवळं, गोल.

"मावशी, ते काय हो?"

"लिंबू-मिरची," मावशी म्हणाल्या. "नवी गाडी घेतली का बांधतोच ना आपण! ह्यांच्या घरी तो रिवाज नाई, म्हणून म्या बांधलं. नजर लागन ना!"

त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर. लिंबाचा विचार त्या घरात कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मी मनात हिशोब केला. चाळीस ग्रॅम, पण अगदी टोकाला. आणि टाकी पुढे होती. इंधन जळेल तसं नाक आणखी हलकं होणार होतं. मी ओरडलो, "शेपटाला लिंबू आहे! लवकर उतरवा!"

"लिंबू?" ते नजर न हलवता म्हणाले. "काऊन?"

"नंतर सांगतो!"

मावशींनी तोंडाला पदर लावला. ते मात्र हसत होते! दांडी पूर्ण पुढे दाबलेली, अंगठा पांढरा पडलेला, आणि हसत होते. त्यांनी विमान जंगलाच्या कडेने वळवलं, इंजिनाचा वेग थोडा थोडा कमी करत आणला. पुन्हा नाक उठलं. गर्दी "अरे अरे" करत मागे सरकली. विमान मुरमावर एकदा आपटलं, उडी मारली, पुन्हा टेकलं आणि धावत जाऊन थांबलं. अख्खं.

सगळ्यांत आधी वहिनी धावल्या, एक चप्पल मागेच सोडून. त्यांनी विमान उचललं, मिरच्या-लिंबू तोडून मावशींच्या हातात दिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पाह्यत काय राह्यले? टाकी भरा. अजून एकदा!"

त्या सकाळी विमान आणखी चार वेळा उडालं.

पुढे त्यांची परळीला बदली झाली. सामानाचा ट्रक दारात उभा होता. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, पंख काढलेलं विमान मांडीवर घेऊन.

"दे इकडं, मी धरतो," ते म्हणाले.

"तुम्ही मागं बसा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आपटसान."

ते मागे चढले, खाट आणि पिंपाच्या मधे. ट्रक सुटला. वहिनींनी विमानावर पदर पांघरला होता, रस्त्यावर धूळ फार होती.